सतरा मिनिटं

मौलवी सिब्गतुल्ला पिंजारी गेले
तेव्हा मी टाकीवर होतो,
मांडीवर लोखंडी चावी घेऊन.
मी उखर्डू, पारोळा नगरपालिकेचा व्हॉलमन.
माणूस गेला म्हणून पाणी थांबत नाही.

त्यांचा बाप गाद्यांचा कापूस पिंजायचा.
धनुकल्याची तार वाजायची,
आणि उडत्या तंतूंत बसून हा पोरगा
अरबी व्याकरण घोकायचा. केस पांढरे, वय अकरा.
उत्तरेतून आठ वर्षांनी शिकून आला
ती मेलेल्याची वाटणी करायची विद्या.
निम्मा, पाव, अष्टमांश,
दोन तृतीयांश, षष्ठांश.
मशिदीच्या ओट्यावर पाटी, खडू
आणि समोर भांडून आलेले भाऊ.

"बहीण कुठंय?"
"ती हक्क सोडते, मौलवीसाहेब."
"बोलवा. तिच्या तोंडून ऐकू."
संध्याकाळच्या एरंडोल गाडीनं बहीण यायची,
ओट्याखाली चपला काढायची
आणि सोडायची नाही.

अशा माणसाला मतं पडतात का?
पडली. बहिणींची पडली असतील.
मदरशातले म्हणाले, मिंबरावरून उतरला
आणि गटारीत गेला.
ते म्हणाले, गटार कोणाच्या दारावरून जाते
ते तरी बघून येतो.

एक गोष्ट मी झाकणार नाही.
नगराध्यक्ष झाले त्या आधी चार दिवस
अकरा नगरसेवक घेऊन एक बस तोरणमाळला गेली होती.
खिडकीशी तेही होते.
ड्रायव्हर माझा साडू. तो सांगतो,
घाटात गाडी थांबवून नमाज पढले,
आणि परत बसले.
त्या चार दिवसांबद्दल पुढे कधी
ना ओट्यावर बोलले, ना सभेत.

मग टाकीवर आले. माझ्याशेजारी, जमिनीवर.
"उखर्डू, एकूण पाणी किती? तोंडं किती?"
कागदावर नाही, पाटीवर मांडलं.
माळीवाडा बेचाळीस मिनिटं,
पिंजारी गल्ली छत्तीस,
भिलाटीला पहिल्यांदा नळ, आणि एकतीस.
आमदाराच्या मेव्हण्याच्या गल्लीलाही
तोंडं मोजूनच.
त्याचा फोन आला तेव्हा म्हणाले,
"षष्ठांशाचा पाव होत नाही, भाऊ.
मी केला तरी होत नाही."

दीड वर्ष टिकले.
दुसरी बस आली, या खेपेला सापुताऱ्याला,
आणि त्यांच्यासाठी तिच्यात जागा नव्हती.

पण त्याआधी, मुलीच्या लग्नाच्या रात्री,
देगा चढलेल्या, पाहुणे दोनशे जास्तीचे,
ते स्वतः टाकीवर आले.
अंगावर नवी शेरवानी, पायात घरातली स्लीपर.
काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
पिंजारी गल्लीचा व्हॉल मी बंद करायला गेलो
तर त्यांचा हात चावीवर होता.
थोडा वेळ तो तसाच राहिला.

आता त्यांचीच पाटी, त्यांचाच खडू,
आणि त्यांचा शागीर्द हिशोब मांडतोय.
चाळीस भाग केले :
बायकोला पाच, मुलांना चौदा-चौदा, मुलीला सात.
माल काय, तर सायकल, घड्याळ,
वाळवी लागलेलं पुस्तकांचं कपाट
आणि रस्त्याकडची एक खोली.
"आधी कर्ज," शागीर्द म्हणाला,
"कर्ज फिटल्याशिवाय वारस नाही."
वही उघडली.
दूधवाला, दोनशे चाळीस.
रद्दीवाल्याकडून घेतलेले कोश, नव्वद.
आणि खाली, बारीक मराठी अक्षरात,
माळीवाडा : सतरा मिनिटं.

मुलं एकमेकांकडे बघत राहिली.
हे कोणी फेडायचं, आणि कसल्या नाण्यात?
मी दारात उभा होतो. काही न बोलता निघालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे माळीवाड्याचा व्हॉल उघडला.
बेचाळीस झाली. चावीला हात लावला नाही.
त्या रात्री ज्यांच्या घागरी कोरड्या राहिल्या
त्यातले निम्मे आता सुरतेला असतात,
दोन घरांना कुलूप आहे, एक म्हातारी गेली.
पाणी तरीही जात राहिलं.
घागरी भरल्या, मग टोप, मग पोरांच्या बादल्या,
मग अंगणातून वाहू लागलं.

कोणीतरी ओरडलं, "आज काय शे रे भो?"

मी घड्याळात बघत होतो.
अजून चार बाकी होती.